घरात राहूनच घराचं काम काढायचं असेल तर

घराचं काम काढताना घरातच राहायचं की दोन-तीन महिने भाड्याची खोली बघायची, याचा हिशेब बहुतेक लोक नुसत्या भाड्यावर करतात. मी वेगळं विचारतो. संध्याकाळी सहानंतर घरात दार लागणारी एक कोरडी खोली राहणार आहे का? एक संडास चालू राहणार आहे का? आणि शेगडी, पाणी, भांडी एका जागी मांडता येतील असा कोपरा आहे का? तिन्हीला हो असेल तर खुशाल राहा. यातलं एक जरी नाही असेल, तर तेवढ्या दिवसांपुरतं बहिणीकडं, मेव्हण्याकडं, कुठंही जा. पण राहू नका.

आमचं घर सांगलीत गावभागात आहे. नऊ इंची विटांच्या भिंती, वर स्लॅब, खाली मोझॅकच्या फरश्या. २०१९ च्या पुरात पाणी घरात आलं, २०२१ ला पुन्हा आलं. तेव्हापासून भिंतींना लोणा, म्हणजे ओलीबरोबर येणारा पांढरा खार, लागलेला. रंग दिला की पावसाळ्यानंतर पोपडे सुटायचे. शेवटी सगळंच काढलं: प्लास्टर, वायरिंग, नळाचे पाइप, फरशी, न्हाणीघर, ओटा. घरात आम्ही दोघं, डिप्लोमाला असलेला धाकटा मुलगा आणि ८४ वर्षांची आई. आई घर सोडायला तयार नव्हती, त्यामुळं राहायचं कसं एवढाच प्रश्न उरला. एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी झाल्यामुळं चालू गाडीची दुरुस्ती मला नवी नाही, त्याच डोक्यानं हे काम केलं.

घर आधी दोन भागांत विभागा

गवंडी पहिल्या दिवशी म्हणणारच, "काका, सगळं एकदम उघडूया, लवकर मोकळं करून देतो." त्याच्या बाजूनं ते खरं आहे. प्लंबर, वायरमन, फरशीवाला, रंगारी एकेकदाच येतात, त्याचा खर्च कमी होतो. पण सगळं एकदम उघडलं की तुम्हाला पाय ठेवायला जागा उरत नाही. म्हणून घराचे दोन भाग करा आणि प्रत्येक कारागीर दोनदा येणार हे दर ठरवतानाच सांगा. तो थोडं वाढवून मागेल. द्या. भाड्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

आम्ही पुढचा सोपा, म्हणजे ओसरीसारखी पुढची जागा, आणि लगतची खोली राहायला ठेवली. मागचं माजघर, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर आधी काढलं. मागची बाजू आधी का? नळ, सांडपाणी, वॉटरप्रूफिंग यांना वेळ लागतो आणि त्यात घाई केली की पुढं दहा वर्षं भोगावं लागतं. न्हाणीघराचा कोबा, म्हणजे फरशीखालचा सिमेंट-विटांचा थर, झाला की उतार तपासून, पाणी भरून ४८ तास ठेवायचं, पातळीची खूण भिंतीवर पेन्सिलीनं करायची आणि मगच फरशी. एवढे दिवस ते न्हाणीघर तुमच्या उपयोगाचं नाही, हे धरूनच चाला. स्लॅब गळत असेल तर मात्र तो सगळ्यांच्या आधी. खाली रंग आणि वर गळती हा प्रकार आमच्या गल्लीत दोन घरांनी करून बघितलाय.

दोन भागांत काम करताना दोन गोष्टी पहिल्याच दिवशी केल्या नाहीत तर शेवटी रडायची पाळी येते. एक, लेव्हल. पारदर्शक नळीत पाणी भरून सगळ्या घराच्या भिंतींवर एकाच पातळीची खूण मारून घ्या, राहत्या खोल्यांतसुद्धा. पुढची फरशी महिनाभरानं बसेल तेव्हा ती मागच्या फरशीला उंबऱ्यापाशी बरोबर मिळाली पाहिजे. खूण नसेल तर अर्धा इंच वर-खाली होतो आणि म्हातारं माणूस तिथंच ठेचकाळतं. जुन्या फरशीवर नवी चिकटवणार असाल तर दारं खाली घासणार, तेव्हा ती रंधून घ्यायचं सुताराच्या यादीत आधीच टाका. दोन, फरशी सगळ्या घराची एकदम आणा. खोक्यावरचा बॅच आणि शेड नंबर एकच आहे ना, हे दुकानातच बघा, आणि तुटफूट धरून पाच-दहा टक्के जास्त घ्या. महिन्यानं पुन्हा गेलात तर तीच फरशी मिळेल, पण रंग किंचित वेगळा असेल. आणि तो फरक दुकानाच्या उजेडात नाही, घरी आल्यावर दिसतो.

पाणी आणि वीज, तोडफोडीच्या आधी

प्लंबरला सगळ्यात पहिलं काम सांगायचं ते म्हणजे मुख्य पाइपवर मागचा आणि पुढचा भाग वेगळा बंद करता येईल असे दोन व्हॉल्व्ह. ते नसतील तर मागं एक जोडणी करायची म्हटलं तरी सगळ्या घराचं पाणी बंद. आम्ही परसात एक उघडा नळ काढून घेतला. भांडी, कपडे, गवंड्याचं पाणी, भिंतीवर मारायचं पाणी सगळं त्यावर चाललं. शिवाय एक पिंप कायम भरलेलं.

तोडफोड सुरू व्हायच्या आदल्या दिवशी न्हाणी ट्रॅप आणि सगळी सांडपाण्याची तोंडं गोणपाटाचे बोळे घालून वरून पातळ प्लास्टर थापून बंद करा. सिमेंटचं पाणी आणि विटांचा चुरा आत गेला की तो तिथंच दगड होतो. जुन्या बोळ्यावर कुणी विश्वास ठेवू नका, रोज बघा. बिगाऱ्याला घमेलं धुवायला सगळ्यात जवळची जागा तीच वाटते.

विजेचं तर मी बजावून सांगतो. कारागीर कटर आणि भिंत फोडायचा ब्रेकर आणतात, त्यांच्या वायरला बऱ्याचदा प्लगच नसतो. उघडी टोकं सॉकेटमध्ये घालतात आणि वर काडेपेटीची काडी खुपसतात. खाली फरशीवर पाणी, पायात काही नाही. म्हणून कामासाठी एक वेगळा बोर्ड काढून घ्या, त्याला स्वतःचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. एमसीबी वायर जळू देत नाही, माणसाला शॉक बसला तर वीज तोडतो तो आरसीसीबी. आणि तीन पिनांचे चार-पाच प्लग आणून ठेवा, पहिल्या दिवशी वायरमनकडून सगळ्या मशिनांना लावून घ्या. दोन-तीनशे रुपयांत काम होतं. राहत्या खोलीची लाइन या बोर्डापासून पूर्ण वेगळी, म्हणजे तिकडं ट्रिप झालं तरी इकडं पंखा चालू.

भिंतीत झिऱ्या, म्हणजे अरुंद चर, मारून पाइप आणि वायरिंगच्या नळ्या बसल्या की प्लास्टर करायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, शेजारी मापाची टेप उघडी धरून. पुढं कधी खिळा ठोकायचा असेल तेव्हा हे फोटो सोन्याच्या मोलाचे. बोर्ड आम्ही साडेचार फुटांवर घेतले आणि ओट्याखाली प्लायवूड टाळून कडाप्प्याचे कप्पे केले. का, ते नदीकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही.

धूळ

धुळीसाठी बाजारात प्लॅस्टिकचे चेनवाले पडदे मिळतात. घ्या, पण आमच्याकडं खरं काम केलं ते आईच्या जुन्या नऊवारीनं. राहत्या भागाच्या दाराला चौकटीच्या वर दोन खिळे मारून साडी दुहेरी टांगली, खाली जमिनीवर वीतभर लोळेल एवढी. सकाळी ओली करायची, दुपारी पुन्हा पाणी शिंपडायचं. संध्याकाळी पिळली की बादलीत लाल-करडं पाणी उतरायचं. ते सगळं एरवी आमच्या अंथरुणावर गेलं असतं. दार बंद, दाराबाहेर ओली साडी, दाराखालच्या फटीत गुंडाळलेलं पोतं. आणि काम चाललंय त्या खोलीच्या खिडकीत एक टेबलफॅन बाहेरच्या बाजूला तोंड करून लावायचा. हवा बाहेर ओढली जाते, घरात शिरत नाही. छताचा पंखा मात्र तिथं अजिबात लावू द्यायचा नाही, कारागिरांना कितीही उकडलं तरी.

फरशी आणि ग्रॅनाइट घरात कापू द्यायचं नाही. परसात, आणि पाणी सोडत. कोरडं कापलं तर जी पांढरी धूळ उडते तिच्यात सिलिका असते, ती फुप्फुसात जाऊन बसते. तुमच्या आणि कापणाऱ्याच्याही. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही, एन-९५ मास्कचं एक खोकं आणून ठेवा आणि कामावरच्या पोरांना घालायला लावा.

जुन्या दारांचा ऑइलपेंट हा आणखी एक विषय. नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर चालत नाही. त्याआधीचे रंग, विशेषतः जुने हिरवे, पिवळे, लाल, यांची खात्री नाही. ते ब्लो-लँपनं जाळू नका, कोरड्या पॉलिश पेपरनं घासू नका. दार बिजागरीतून काढून परसात न्यायचं आणि ओलं करून घासायचं. घरात लहान मूल असेल तर यात सूट नाही. मागच्या शेडला सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असतं, म्हणजे श्वासातून आत गेले तर घातक ठरणारे बारीक तंतू. ते हातोड्यानं फोडू नका, ओले करून अख्खे उतरवा.

झाडताना कोरडा झाडू मारला की धूळ तासभर हवेत आणि मग पुन्हा जमिनीवर. सुतार काम करत असेल तर त्याचा भुसा मागून घ्या, थोडा ओला करा, फरशीवर पसरा आणि मग झाडा. धूळ भुशाला चिकटून गोळा होते. आमच्या वर्कशॉपमध्ये जमिनीवरचं तेल असंच काढायचे.

चूल, देव आणि पॉलिश

आमचा तात्पुरता स्वयंपाक सोप्याच्या बाहेरच्या पडवीत. जुन्या ओट्याचा कडाप्पा फोडू दिला नाही. विटांचे दोन खांब रचले आणि त्यावर तो ठेवला. शेगडी त्यावर, सिलिंडर खाली उभा, तीन बाजूंनी वारा मोकळा. सिलिंडर बंद खोलीत कोंडायचा नाही. पाइपचा गॅस असलेल्यांनी मीटर आणि पाइप प्लंबरला हलवू देऊ नये, गॅस कंपनीचाच माणूस बोलवायचा आणि त्याची तारीख आधी घेऊन ठेवायची, कारण तो तुमच्या सोयीनं येत नाही.

स्वयंपाक कमी करा असं सगळे सांगतात. बायकोनं त्यात एक दुरुस्ती केली: सकाळी नऊच्या आत दिवसभराचं करून डब्यात बंद. कामगार आले की शेगडी बंद. कुकरची खिचडी, पिठलं, आमटी-भात; भाकरी गल्लीतल्या एका काकूंकडून विकत. भांडी प्रत्येकी एक ताट, एक वाटी, एक पेला, बाकी सगळी बांधून माळ्यावर. जास्त भांडी हाताशी असली की जास्त निघतात आणि परसात बसून तेवढी घासावी लागतात.

पॉलिशच्या दिवसांत खरी अडचण आली ती देवघराची. थिनर आणि पॉलिशची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते, आणि ठिणगी मिळाली की पेट घेते. शेगडी तर नाहीच, निरांजनही नाही. फ्रिजचा प्लगसुद्धा आम्ही काढून ठेवला. आईला हे पटवणं गवंड्याला पटवण्यापेक्षा अवघड. "देवापुढं दिवा नाही म्हणजे काय?" शेवटी ते चार दिवस दिवा परसातल्या तुळशीपाशी लागला आणि देव सोप्यातल्या कोनाड्यात, पितळी डब्यात. तुमच्या घरी देव कुठं जाणार हे काम सुरू व्हायच्या आधीच घरातल्या मोठ्यांना विचारून ठरवा. ऐनवेळी काढलेला हा विषय दिवस खातो.

संध्याकाळचे सहा

मुकादमाशी बोलताना मी एक अट वहीत लिहून त्याची सही घेतली होती. रोज साडेपाचला काम बंद, उरलेल्या अर्ध्या तासात राहत्या भागापासून संडासापर्यंतची वाट झाडून मोकळी. खिळे, पत्र्याचे तुकडे, घमेली, दोऱ्या, काही नाही. आमचा चालू संडास परसात, म्हणजे रात्री आईला पडवीतून काठी टेकत जायचं. त्या वाटेवर भिंतीला दोरी बांधली, दोन दिवे लावले आणि पाइपच्या चरावर फळी टाकताना ती खालून विटांनी पक्की केली, नुसती ठेवली नाही. रात्री बाहेर जाणं जमत नसेल त्यांच्यासाठी कमोडची खुर्ची मिळते, भाड्यानंही मिळते. दोन संडास असतील तर दोन्ही एकदम कधीही काढू नका, कुणी कितीही गळ घातली तरी. फ्लॅटमध्ये एकच असेल तर ते आठ-दहा दिवस बाहेर राहायचेच म्हणून धरा.

कामगार कुठला संडास वापरणार, पाणी कुठून पिणार हेही पहिल्या दिवशी सांगा. ते न सांगता मग तक्रार करणारे लोक मला आवडत नाहीत. चहा दोनदा, चारच्या चहाबरोबर भडंग. एवढ्यानं माणसं जीव लावून काम करतात असं मी म्हणणार नाही, पण चहासाठी टपरीवर गेलेला बिगारी पाऊण तासानं येतो, हे मात्र नक्की.

काम कधी काढायचं, तर पाऊस संपून भिंती सुकल्यावर. पण ऑक्टोबरात आमच्याकडं तासगावच्या बाजूचे बिगारी द्राक्षछाटणीला जातात, दिवाळीच्या आधी रंगारी सापडत नाही, चैत्रात जत्रा. दिवाळी झाली की सुरू करावं हे बरं. ओल धरलेल्या भिंतीचं जुनं प्लास्टर ओलीच्या रेषेच्या फूट-दीड फूट वरपर्यंत काढा आणि विटा उघड्या ठेवून सुकू द्या. नवं प्लास्टर झालं की सात दिवस पाणी मारायचं आणि मग पुन्हा सुकायला निदान तीन-चार आठवडे. रंगारी "लांबी भरून टाकू" म्हणतो, म्हणजे पुट्टी. ओल्या भिंतीवरची लांबी फुगते आणि पहिल्या पावसात पोपडे. या मधल्या दिवसांत तुम्ही पुढच्या भागाचं काम सुरू करू शकता, दोन भागांचा हाही एक फायदा.

फ्लॅटवाल्यांसाठी थोडं वेगळं. सोसायटीची लेखी परवानगी, कामाच्या वेळा, लिफ्टमधून माल न्यायचा की नाही हे आधी. फेब्रुवारी-मार्चमध्ये ब्रेकर चालवू नका, शेजारी कुणाच्या तरी पोराची बारावी-दहावी असतेच. खालच्या घराचं छत काम सुरू व्हायच्या आधी त्यांच्यासमक्ष बघून फोटो काढून ठेवा. बीम आणि कॉलमला झिरी मारू द्यायची नाही, आणि भिंत पाडायची तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय नाही, मग ती कितीही पातळ दिसो.

राडारोडा कुठं जाणार हे ट्रॅक्टरवाल्याला विचारा आणि उत्तर नीट ऐका. "लावतो कुठंतरी" म्हणजे ओढ्यात. २०१६ च्या नियमांपासून तो वेगळा ठेवून महापालिका सांगेल तिथंच द्यायचा आहे. गावभागात राहून ओढ्यात विटा टाकणाऱ्याला काय म्हणावं! आमच्या चांगल्या विटांचे तुकडे न्हाणीघराच्या कोब्यात आणि परसाच्या भरावात गेले, बाहेर टाकायला निम्म्याहून कमी उरलं.

घरातून हलायलाच हवं असे दिवसही आहेत. वाळवीचं औषध मारतील तेव्हा, स्लॅबला टेकू देऊन दुरुस्ती असेल तेव्हा, आणि घरात दमेकरी किंवा तान्हं मूल असेल तर सगळ्या तोडफोडीत. औषधाच्या वेळी आम्ही आईला मिरजेला बहिणीकडं पाठवलं. ती कुरकुरत गेली आणि तिथं जास्त दिवस राहिली.

पैशांचं एवढंच: कामाच्या टप्प्यावर द्या, आठवड्याच्या उचलीची नोंद दोघांच्या सहीनं एकाच वहीत, आणि शेवटचे दहा टक्के हातात ठेवा. नवी खोली झाली की लगेच सामान हलवू नका. एक आठवडा नुसते नळ, दिवे, दारं, खिडक्या वापरून बघा, गळकं-अडकणारं जे सापडेल ते वहीत लिहा. प्लायवूडची नवी कपाटं तोवर उघडी ठेवा, वास जाईल. उरलेल्या फरशीचं एक खोकं शेड नंबर लिहून माळ्यावर टाका. ती यादी पूर्ण झाली की दहा टक्के द्या आणि मगच मागच्या दाराची किल्ली मुकादमाकडून परत घ्या.